नवरदेवाची पारख

लिऊमावशींनी हेश्यांगच्या अंबाड्यातला आकडा ओढून काढला, पाठीवर सुटलेले केस मुठीत धरले आणि नाकाशी नेले. काढ्याचा कडवट वास होता. राजवाड्यात जिचे केस पिकले, तिला कुठे नाक खुपसायचं आणि कुठे ते मिटून घ्यायचं हे कळतं. त्यांनी फणी पाण्यात बुडवली आणि जरा जास्तच जोरात विंचरायला घेतलं.

“रडली आहेस.”

“नाही, मावशी.”

“मग डोळे कशाने सुजले? रात्रभर कांदे चिरायला बसवलं होतं होय तुला त्या सरदारांनी?”

हेश्यांग हसली नाही. उजाडता उजाडता ती झाकल्या पालखीतून परत आली होती आणि अजून पोटात घोटभर पाणी नव्हतं. रीतच तशी. राजकन्येचं लग्न ठरलं की आधी तिची विश्वासातली दासी नवरदेवाच्या घरी एक रात्र राहून येते, आणि तोंडात घास घालायच्या आत राजमातेसमोर जाऊन सांगते, की माणूस संसाराला धड आहे की नाही. घोडा घेताना त्याचे दात बघतात, जोडा घेताना पाय घालून बघतात, मग जावई तरी डोळे मिटून का घ्यायचा, असा तो शहाणपणा. दासीचं पुढे काय, एवढा शहाणपणा मात्र कुणाला सुचला नाही. नवरा धड निघाला तर ती राजकन्येच्या मागोमाग त्याच घरी जाते, जन्माची. नाही निघाला तर परक्याच्या घरी राहून आलेली म्हणून तिला कुणी करत नाही, आणि धुणीघरात दुसऱ्यांची वस्त्रं आपटत ती म्हातारी होते.

या वेळी तर त्या एका शब्दावर दोन मुली टांगलेल्या होत्या. उत्तरेकडच्या गवताळ मुलखातल्या खानाने मागणी घातली होती, त्याचा वकील येऊन बसला होता, आणि एक राजकन्या त्याला द्यायचीच असं ठरलेलं होतं. थोरल्या रुईनिंगचं, हेश्यांगच्या ताईसाहेबांचं, लग्न शहरातल्याच युनहाई नावाच्या सरदारपुत्राशी जमलं होतं, म्हणून धाकटी जायची. रुईनिंगचं मोडलं, तर थोरली म्हणून तिलाच जावं लागलं असतं. तिकडे गेलेली मुलगी माघारी येत नाही. बापाच्या मयतालासुद्धा नाही.

केस बांधून होतात न होतात तोच पडदा सरला. धाकटीची आई, हुई राणी, कलिंगडाची बी दाताखाली फोडतच आत आली. तिने नुसतं बघितलं आणि लिऊमावशी पाण्याचं भांडं उचलून बाहेर गेल्या.

राणी शेजारी बसली, अगदी बहिणीसारखी. हेश्यांगची आई कालव्याकाठच्या गावात टोफू विकते, तिला आता एका डोळ्याने दिसत नाही, हे सगळं तिला ठाऊक होतं. वसंत ऋतू लागला की तुला मोकळं करून आईकडे पाठवते, म्हणाली. दासींना अशी सुटका सहसा मिळत नाही. धुणीघर नाही, काही नाही.

“खोटं बोल असं मी म्हणत नाही हं,” राणी म्हणाली. “पुरुषमाणसात खोट असतेच, शोधली की सापडते. तुला सापडली का, एवढंच विचारते.”

“आधी राजमातांनाच सांगायचा नियम आहे, राणीसाहेब.”

“मला नियम शिकवतेस?” आवाज चढला नव्हता. बियांची टरफलं तिने ओंजळीत गोळा केली, ती कुठे टाकावीत हे तिला कळेना, मग ती तशीच धरून बसली. “माझी पोर तेरा वर्षांची आहे, बाई. अजून झोपेत अंगठा चोखते.”

हेश्यांगने मान खाली घातली. राणीला काय ठाऊक, की ती मागत होती ते खोटं नव्हतंच.

युनहाईने तिला हात लावला नव्हता. विटांच्या तापवलेल्या ओट्याची ऊबदार बाजू त्याने तिला दिली आणि स्वतः भिंतीला टेकून बसला. तिचं नाव विचारलं. ते कुणी ठेवलं, तेही विचारलं. आजवर तिला लोकांनी हाका मारल्या होत्या, नावाची चौकशी कुणी केली नव्हती. मग बोलणं कुठून तरी तिच्या आईच्या टोफूवर गेलं, दिवस मावळताना उरलेला माल कसा गळ्यात मारायचा आणि आंबलेला निघाला तर गिऱ्हाइकालाच वर कसं झापायचं ते ती सांगत होती, आणि तो हसला. हसण्याचा खोकला झाला. तो थांबेना. तिने पुढे होऊन त्याची पाठ चोळली तेव्हा रेशमाखाली नुसती हाडं लागली, ओळीने. तोंडाचा रुमाल त्याने मुठीत लपवला, पण लाल रंग लपत नाही.

पुढचा हिवाळा दिसला तर नशीब, असं वैद्य म्हणतो, तो म्हणाला. घरच्यांनी लपवलं होतं. लपवणार नाहीत तर काय, राजाचा जावई व्हायची संधी कुणी सोडतं?

“तू पाहिलंस ते सांग,” तो म्हणाला. “आमची अब्रू जाईल ती जाऊ दे. तुझ्या ताईसाहेबांचं आयुष्य नको जायला.”

तिचं आयुष्य त्याच्या बोलण्यात आलं नाही. चांगला माणूस होता, पण शेवटी मोठ्या घरचा. तिला मात्र त्याचं काही वाटलं नाही. उजाडेपर्यंत ती त्याच्यासाठी काढा गरम करत राहिली.

राजमातेसमोर तिने कपाळ फरशीला टेकवलं. म्हातारी मांडीवर हात शेकायची छोटी शेगडी घेऊन बसली होती. एका बाजूला हुई राणी, ओंजळ अजून मिटलेली. म्हाताऱ्या बाईला चार लोकांत गोल गोल बोलणं आवडत नसे.

“धड आहे का?”

खरं सांगितलं तर आई होती, कालव्याचा काठ होता. युनहाईची शेवटची इच्छाही तीच होती. असं असतं बघा, कधी कधी खरं बोलण्यातच सगळा फायदा असतो, आणि तरी जीभ वळत नाही. राजमातेचं शेगडीवर फिरणारं बोट थांबलं.

“बोल. लाजायला वेळ नाही मला.”

“धड आहेत,” हेश्यांग म्हणाली. “अगदी धड आहेत, राजमाता.”

“वर बघून बोल.”

तिने वर बघितलं आणि पुन्हा तेच सांगितलं. गाल तापले होते, कानही. राजमातेने ते रंग नीट न्याहाळले, आणि त्या सुरकुतलेल्या तोंडावर जरासं हसू आलं. असा चेहरा घेऊन आलेली पोरगी तिने पूर्वी पाहिली असणार.

“दिसतंय,” ती म्हणाली. “खायला घाला हिला. आणि ही जाईल रुईनिंगबरोबर.”

हुई राणी उठली, वाकून नमस्कार केला, तेव्हा टरफलं सगळी खाली सांडली. कुणी त्याकडे बघितलं नाही.

रुईनिंगच्या महालाकडे जाताना वाटभर हेश्यांग मनाशी एकच घोकत होती. ताईसाहेबांसाठी केलं. आई नसलेली मुलगी, लहानपणापासून आपण दोघी एका ताटात बोरं खाल्लेल्या. वर्षभर का होईना, मनातला माणूस मिळेल तिला. खानाच्या तंबूत जन्म काढण्यापेक्षा ते बरं. घोकलं की खरं वाटतं, तसं तिला वाटतही होतं. फक्त रात्री ज्या हाताने पाठ चोळली तो हात तिने अस्तनीत आत ओढून घेतला होता, जपून.

रुईनिंग एकटीच होती. काय झालं, काय सांगितलंस, तिने काही विचारलं नाही. आपल्यासमोरची राळ्याची पेज हेश्यांगपुढे सरकवली.

“आधी खा. उपाशी आहेस.”

हेश्यांगने दोन घोट घेतले आणि सांगितलं, की राजमातांनी होकार दिला. रुईनिंगने डोळे मिटले, उघडले. मग उठून तिने लग्नाची पेटी ओढली. वरची लाल रेशमी वस्त्रं, पक्षी भरलेल्या उशा, सगळं एकेक करून बाजूला ठेवलं. तळातून तिने एक गाठोडं काढून सोडलं.

आत जाडंभरडं, न रंगवलेलं पांढरं कापड होतं. घरात मयत झालं की विधवेने घालायचं. शिवण तिच्याच हातची, कुणा दासीला कळू न देता घातलेली. झगे दोन होते. एक लांब, अरुंद. दुसरा आखूड, खांद्यांत रुंद.

हेश्यांगने भांडं खाली ठेवलं.

“तुम्हाला ठाऊक होतं.”

“शिकारीच्या तळावर त्यांनी मुठीत रुमाल लपवला, तेव्हापासून.”

“मग मला जाताना सांगितलं का नाहीत, ताईसाहेब?”

रुईनिंगने आखूड झगा झटकून सरळ केला. तिचे हात स्थिर होते. डोळे मात्र भरून आले होते, आणि ते तिने पुसले नाहीत.

“सांगितलं असतं, तर तू माझ्यासाठी खोटं बोलली असतीस,” ती म्हणाली. “राजमातांनी ते ओळखलं असतं.”

हेश्यांगच्या कानांच्या पाळ्या पुन्हा तापल्या. या वेळी बघायला राजमाता नव्हती, पण जी होती ती लहानपणापासून तो चेहरा ओळखत होती, आणि एवढं सगळं तिने त्या ओळखीवरच सोडलं होतं. रागावावं, असं हेश्यांगला वाटलं. राग आला असता तर बरं झालं असतं.

“माप अंदाजाने घेतलंय,” रुईनिंग म्हणाली. “घालून बघ.”

हेश्यांगने अस्तनीतला हात बाहेर काढला आणि पुढे केला. रुईनिंगने बाही चढवली, खांद्यावरची शिवण ओढून बसवली. बरोबर बसली.

तेवढ्यात भिंतीपलीकडे, हुई राणीच्या महालात, कुणीतरी रडायला लागलं. लहान मूल रडतं तसं, मोठ्याने, कुणाची पर्वा न करता. दोघींनी ऐकलं. रुईनिंगची बोटं शिवणीवर थांबली.

मग ती म्हणाली, “दुसरा हात दे.”