गोव्याची पाकाळणी

कोणत्या देवाला केव्हा जावं, हे वाळव्याकडच्या त्या गावात आकारामला विचारूनच लोक ठरवत. त्याचा नेम एकच: जत्रेत जाऊ नये, पाकाळणीला जावं. जत्रेत जोतिबाच्या डोंगरावर चेंगरून घ्यायचं, चपला हरवायच्या आणि देवाऐवजी पुढच्याचा पटका बघून परत यायचं, हा त्याच्या मते शुद्ध येडेपणा. जत्रा सरली, देऊळ धुऊन झालं, की पाकाळणीच्या रविवारी निवांत जावं. देव तोच, पुण्य तेवढंच. जन्मभर तो असाच देवाला भेटत आला होता, आणि देवानंही कधी तक्रार केली नव्हती.

त्याच्या बायकोला, बनुबाईला, पोटात गाठ झाली. मिरजेच्या डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं. "घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला," म्हणाले, तेव्हा आकाराम काय समजायचं ते समजला. तिथल्या नर्सबाई गोव्याच्या, ख्रिस्ती. त्यांनी बनुबाईला आपल्या संताबद्दल सांगितलं. चारशे वर्षं झाली, देह अजून न कुजता राहिलाय. दहा वर्षांनी एकदा खाली आणून लोकांसमोर ठेवतात, आणि ते वर्ष हेच, चौऱ्याहत्तरचं. दिवाळीनंतर सुरू, नाताळ झाला की बंद.

बनुबाईनं नवऱ्याजवळ आजवर लुगड्याखेरीज काही मागितलं नव्हतं. आता हे मागितलं.

"बरी व्हीन असं न्हाई म्हनत मी," ती म्हणाली. "मेल्यालं मानूस तसंच ऱ्हातंय म्हनं. एकदा डोळ्यांनी बघावं वाटतंय. मग मराचं भ्या वाटायचं न्हाई."

"जाऊ की," आकाराम म्हणाला. पण पावसात घाटाचा भरवसा नाही. दसऱ्याला घरात घट बसलेले. दिवाळी झाली तशी तिनं पुन्हा विषय काढला.

"आत्ता सगळा मुलूख तिकडं लोटलाय. तुला रांगंत हुबं ऱ्हावंल व्हय? पाकाळणीला जाऊ."

"आवं, नाताळ झाला की वर ठेवत्यात, म्हनल्या नर्सबाई."

"म्हनू दे. देव काय पळून जातोय?"

धाकटा भाऊ जोतीराम म्हणाला, "दादा, वैनीला आत्ताच न्हे. ऊस मी घालवतो कारखान्याला." आकारामनं ऐकल्यासारखं केलं नाही. तोडणीची टोळी फडात उतरली होती, आणि आपला ऊस दुसऱ्याच्या, मग तो भाऊ का असेना, हवाली करून जाणं त्याच्या रक्तात नव्हतं. पाकाळणीचं शास्त्र त्याला अगदी सोयीचं पडलं. ऊस गेला. तोवर बनुबाई भाकरीवरून पेजेवर आली होती.

संक्रांतीच्या तोंडावर दोघं कोल्हापुरातून पणजीच्या एस्टीत बसली. जुन्या गोव्यात उतरली तेव्हा मांडव सोडणं चाललं होतं, बांबू ट्रकवर चढत होते. आकारामला मनापासून बरं वाटलं.

"बघ, चिटपाखरू न्हाई," तो म्हणाला.

देवळात आत गेली तर समोर दगडी चौथरा, आणि त्याच्यावर उंच, पार वर, चांदीची पेटी. एक म्हातारा सेवेकरी फरशी पुसत होता. आकारामनं त्याला हात जोडले.

"लांबनं आलोय, बाबा. घटकाभर खाली घ्या."

"खाली होता गेल्या आयतवारापर्यंत," म्हातारा म्हणाला. "सगळी दुनिया बघून गेली. आता दहा वर्षांनी."

आकाराम ओशाळून उभा राहिला. असली जत्रा त्याला माहीतच नव्हती, जिची पाकाळणी नसते. मग चारचौघांची लाज सोडून त्यानं बायकोला दोन्ही हातांवर उचललं आणि जमेल तेवढं वर धरलं. वजन असं काही उरलंच नव्हतं.

"दिसतंय का गं?"

तिनं बराच वेळ मान उंच करून पाहिलं.

"चांदी दिसती," ती म्हणाली.

परतीच्या एस्टीत ती रागावली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. आंबोलीच्या घाटात अंधार पडू लागला, तसा तिनं लोकांदेखत नवऱ्याचा हात धरला. लग्नापासून कधी धरला नव्हता.

"भ्या वाटतंय वो," ती म्हणाली.