दोघींची शिट्टी

“आत,” मैदानाच्या मध्यावर उभी डोंका माइकमध्ये पुटपुटली.

गोलरेषेपाशी उभ्या असलेल्या तिच्या जोडीदार पंच स्पास्काने लगेच दोनदा शिट्टी फुंकली. गोल. यजमान बाबुना क्लबच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि सर्बियाहून आलेल्या पाहुण्या संघाच्या बाकावरून कुणीतरी टॉवेल आपटला. हँडबॉलच्या विभागीय क्लब अजिंक्यपदाचा अंतिम सामना. क्रीडागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती.

“अहो पंचबाई, चष्मा घ्या!” वरून पाहुण्यांचा एक पाठीराखा ओरडला. “वर्गणी काढू का?”

सगळे हसले. स्पास्काही हसली. डोंकाला मात्र हसू आलं नाही.

दोघींच्या कानांत बोलण्याचं यंत्र होतं आणि गालापाशी इवलासा माइक. गेलं वर्षभर हे यंत्रच स्पास्काचे डोळे झालं होतं. तिच्या उजव्या डोळ्याचा पडदा खराब होत चाललाय, हे डॉक्टरांखेरीज फक्त डोंकाला ठाऊक. हँडबॉलला एकटा पंच चालत नाही, जोडी लागते. आणि जोडी फुटली की बहुतेक वेळा दोघंही घरी बसतात. या दोघींनी अर्धं आयुष्य जोडीने काढलेलं. त्यात स्पास्का डोंकाची कूमा: बाप्तिस्म्याला डोंकाच्या लेकीला तिनेच हातांवर धरलं होतं. आमच्याकडे माणूस सख्ख्या भावाशी भांडेल, पण कूमाशी नाही. असो.

मध्यंतरात सामन्याचा निरीक्षक ट्रायान याने डोंकाला बोळात गाठलं.

“हिला दिसत नाही ना गं?”

“कोण म्हणतं?”

“कुणी म्हणायला कशाला हवं? तुझे ओठ हलले की तिची शिट्टी वाजते. मी काय आंधळा आहे?” त्याने आवाज खाली आणला. “युरोपच्या सामन्यांसाठी नावं उद्या जायचीत. स्कोपियेची एलिता मोकळी आहे, तिची जोडीदारीण बाळंतपणाला गेलीय. तिच्याबरोबर तुझं नाव घालतो. पण स्पास्काचं तुझ्या तोंडून कळू दे. मी आपल्या मनाने कुणाला घरी बसवणार नाही.”

युरोप! याच एका शब्दासाठी डोंकाने लेकीचे वाढदिवस बुडवले होते, गुडघ्यात नाही नाही तेवढ्या सुया टोचून घेतल्या होत्या. यंदा नाही तर पुढे वय आडवं येणार. ‘चल, चालता हो’ असं म्हणायला तिने तोंड उघडलंसुद्धा.

“सामना झाल्यावर सांगते,” ती म्हणाली.

ट्रायान निघून गेला. घाम पुसताना तिचा हात माइकला लागला, तसं तिने कमरेला लावलेल्या यंत्राच्या डबीकडे पाहिलं. हिरवा दिवा लागलेला होता. यंत्र चालूच होतं. ती घाईघाईने पंचांच्या खोलीकडे निघाली.

खोलीत स्पास्का बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होती. यंत्र तिच्या कानातच होतं.

“तुझा चहा गार झाला बघ,” ती म्हणाली. “चल, उशीर होतोय.”

एवढंच. ऐकलं की नाही, चेहऱ्यावरून काही कळेना. स्पास्काचा चेहरा कळत नाही असं आजवर कधी झालं नव्हतं.

उत्तरार्धात डोंका ‘आत’ म्हणाली, ‘बाहेर’ म्हणाली, ‘पाय रेषेवर’ म्हणाली. प्रत्येक वेळी स्पास्काची शिट्टी बरोबर वाजली. हळूहळू डोंकाला वाटू लागलं, नसेल ऐकलं. देवा, ऐकलेलं नसू दे. स्वतःची लाज वाटत असतानाही ती तेच घोकत राहिली.

सामना संपत आला तरी बरोबरी होती. पाहुण्यांच्या डावखुऱ्या मुलीने उंच उडी मारून चेंडू फेकला. तो वरच्या दांड्याला लागून खाली आपटला आणि बाहेर उसळला. रेषेच्या चांगला वीतभर आत पडलेला डोंकाने स्पष्ट पाहिला.

“आत. कूमा, आत!”

शिट्टी वाजली, पण गोलाची नव्हे, घड्याळ थांबवण्याची. स्पास्काने कानातलं यंत्र काढलं आणि ती सरळ ट्रायानच्या टेबलाकडे चालत गेली. जाताना तिने डोंकालाही हाताने बोलावून घेतलं.

“मला दिसलं नाही,” ती ट्रायानला म्हणाली. “उजव्या डोळ्याने वर्षभर दिसत नाही. चेंडू हिने पाहिलाय. गोल ही देईल आणि उरलेला सामनाही हीच चालवेल. एक पंच मधेच बाद झाला, तर नियमात बसतं ना?”

ट्रायानने होकारार्थी मान हलवली.

“अगं, काय करतेयस हे?” डोंकाने तिचा दंड धरला.

“शिट्टी वाजव. पोरी खोळंबल्यात.”

डोंकाने दोनदा शिट्टी फुंकली. गोल पाहुण्यांचा. गावच्या लोकांनी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. उरलेला सामना तिने एकटीने, दोन्ही टोकांना धावत पुरा केला, आणि पाहुण्या मुली करंडक घेऊन नाचू लागल्या.

ती टेबलापाशी आली तेव्हा स्पास्का ट्रायानशेजारी खुर्चीत बसून होती.

“मग?” ट्रायानने विचारलं. “एलिताबरोबर तुझं नाव घालू?”

डोंकाने स्पास्काकडे पाहिलं. मग ती शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिली.

“घाला हो,” स्पास्काच म्हणाली. “बोळातलं ऐकलंय मी. हिला धड नाही म्हणता येत नाही, आणि धड होही म्हणता येत नाही.”