सासऱ्यांच्या फोनवरची गोळी

आमच्या घरात कागद कोणाचाही असो, त्यावर फोन नंबर सासऱ्यांचाच. त्यांचा नंबर कधी बदलत नाही आणि फोन उचलणारे घरात तेवढेच. दवाखान्यात नाव घालताना मीही सवयीने तोच सांगून आले. झालं! गरोदर बाईचे मेसेज घड्याळं दुरुस्त करणाऱ्या, मिशीवाल्या माणसाला यायला लागले.

“ताई, आज रक्तवाढीची गोळी घेतली का? घेतली असेल तर १ दाबा, नसेल तर २.”

सासरे दुकानातून आत आले. एरवी आमचं बोलणं ‘जेवलीस का’च्या पुढे जात नसे.

“गोळी घेतलीस का?”

“नाही बाबा. पोटात ढवळतं. घेणारही नाही,” मी फणकाऱ्याने म्हणाले.

त्यांनी माझ्यादेखत २ दाबला. चुगलखोर कुठले!

खरं तर मी घाबरले होते. अंगात रक्त कमी होतं. पुढच्या तपासणीपर्यंत वाढलं नाही, तर बाळंतपण लांबच्या मोठ्या इस्पितळात करावं लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मला इथेच, घरच्यांजवळ बाळंत व्हायचं होतं. पण गोळी नुसती पाहिली तरी उमळून यायचं, त्याला मी काय करू?

रोज तोच मेसेज, रोज २. शेवटी दुकानात नर्सबाईंचा फोन आला. सासऱ्यांनी सवयीने तो स्पीकरवर टाकला.

“ताई, तुमच्या गोळ्या राहतायत. मळमळ होते का? कितवा महिना?”

“माझा? अहो, मी सासरा!”

समोरचं गिऱ्हाईक पोट धरून हसलं. सासरे कानापर्यंत लाल झाले, पण फोन ठेवला नाही. गोळी झोपताना घ्यायची, लिंबूपाण्याबरोबर, आणि जेवणावर चहा नको, हे सगळं त्यांनी नीट ऐकून घेतलं.

त्या दिवसापासून जेवणानंतरचा चहा अख्ख्या घराचा बंद. नवरा कुरकुरला, तर “तिच्यासमोर पिशील? लाज वाटत नाही?” म्हणून सासऱ्यांनी त्याला गप्प केलं. गोळी पोटात टिकायला लागली. ‘ताई, आज थोडं फिरून या’ असा मेसेज आला की सासरे हातातलं घड्याळ बाजूला ठेवून, चपला घालून दारात हजर. वाटेत आधी नुसते खाकरायचे. मग हळूहळू विचारायला लागले, बाळ हलतं का, तुला झोप लागते का. मला ते फार आवडायला लागलं.

तपासणीलाही तेच सोबत आले. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला. “छान वाढलंय रक्त. आता कुठे लांब जायला नको, इथेच करू बाळंतपण.”

मला रडूच फुटलं.

नर्सबाई हसत म्हणाल्या, “आता मेसेजसाठी ताईंचाच नंबर घालू या का?”

“घाला की,” सासरे म्हणाले आणि भिंतीवरचा लसींचा तक्ता उगाच वाचू लागले.

“नको,” मी डोळे पुसत म्हणाले. “मला विचारलंत तर मी गोळी न घेताच १ दाबून मोकळी होईन.”

“दाबेलच ती,” सासरे तक्त्याकडे बघतच म्हणाले, आणि त्यांनीही हळूच डोळे पुसले.