वेस्टगेटचं माप

धाकटीनं वेस्टगेटच्या टोपीवर तळहात दाबून धरला आणि शेवटचा स्क्रू सोडवला. आतली स्प्रिंग दबलेली असते. हात जरा हलका पडला तर टोपी उडून तोंडावर येते. तिनं टोपी सावकाश वर येऊ दिली, स्प्रिंग काढून फडक्यावर ठेवली आणि झडप खिडकीच्या उजेडात धरली. झडपेची कड एका बाजूनं जळून खाल्ल्यासारखी झाली होती.

"बिघडलंय?" थोरलीनं विचारलं.

"जळलंय. बदलावंच लागणार."

थोरली गॅरेजमधल्या एकुलत्या एक खुर्चीवर पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. धाकट्या बहिणीच्या या गॅरेजमध्ये ती सहसा पाऊल टाकत नसे; तेलाच्या वासानं डोकं चढतं म्हणायची. आज आपली मुलगी टायर आणायला गेलीय हे पाहूनच ती आली होती, आणि आल्यापासून तिनं वासाबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं.

"ते करतं तरी काय?"

"इंजिनाचा धूर एक पंखा फिरवतो. पंखा फिरला की इंजिनात जास्त हवा कोंबली जाते आणि गाडी पळते. पण गाडी पळाली की धूर वाढतो, धूर वाढला की पंखा आणखी फिरतो. त्याला कुणीतरी आवरायला नको? हे त्याचं दार. ठरवल्याएवढा दाब झाला की उघडतं, आणि जादाचा धूर बाहेरच्या बाहेर निघून जातो."

थोरलीनं जळक्या झडपेकडे पाहिलं.

"मग ते लवकर उघडेल असं कर."

"म्हणजे?"

"म्हणजे काय ते तुला कळलंय. गाडी जरा मंद कर. तिला न सांगता."

धाकटीनं झडप खाली ठेवली आणि हात पुसायला घेतले. पुसून झाले तरी पुसत राहिली.

मुलीला सगळे भिंगरी म्हणत. हे नाव मावशीनं, म्हणजे धाकटीनंच ठेवलेलं. पोरगी रांगायला लागल्यापासून एका जागी म्हणून ठरली नाही. आता ती डोंगरावरच्या शर्यती करायची. रस्ता बंद करतात, एकेक गाडी खालून सुटते आणि घड्याळाशी झुंजत वर जाते. मागच्या शर्यतीत एका वळणावर गाडी सरकली, कठडा तोडून गेली आणि पुढचं एक चाक हवेत लटकत थांबली. भिंगरी मागच्या दारातून बाहेर आली आणि बघ्यांना वाकून नमस्कार केला. घरी तिनं ती गोष्ट हातवारे करून इतकी रंगवली, की सगळे हसले. थोरलीही हसली. मग स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि वाहत्या पाण्याकडे बघत उभी राहिली.

"तूच सांग ना तिला सरळ," धाकटी म्हणाली.

"मी सांगितलं तर दुप्पट पळवेल. तुझीच भाची ती. मी तिला बाहुली आणून दिली होती, तू पाना दिलास. तिनं पान्यानं बाहुलीचे हात खोलले." थोरली हसायला गेली, तिला जमलं नाही. "परवा झोपेत गाडीतली सीट घट्ट धरल्यासारखी पलंगाची कड धरून जागी झाले. हे म्हणाले, काय झालं? काय सांगू?"

त्या दिवशी गाडी ओढून आणायला क्रेन घेऊन धाकटीच गेली होती. लटकत्या चाकाखाली किती खोल दरी होती ते तिनं वाकून पाहिलं होतं, आणि ते तिनंही कुणाला सांगितलं नव्हतं.

"बघते," ती म्हणाली.

थोरली गेल्यावर तिनं फळीवरून तीन वेस्टगेट खाली घेतली. एक लहान, एक जुन्याच मापाचं, एक चांगलं मोठं. मोठं हातात धरलं आणि परत ठेवलं. लहान उचललं. ते एका साध्या घरगुती गाडीवरून उतरवलेलं होतं, आत नरम, दार लवकर उघडू देणारी स्प्रिंग आयतीच होती. दाब कमी ठेवायचा, म्हणजे सगळंच कमी. हाताला ते बरं वाटलं. मुठीत मावत होतं.

खरं माप कसं ठरतं हे तिला माहीत नव्हतं असं नाही. नवख्या गिऱ्हाइकांना ती स्वतःच सांगायची, की ज्याला गाडी पळवायची त्याला छोटं दार चालतं, ज्याला आवरायची त्याला मोठं लागतं. पंख्याकडे धूर कमी जायला हवा, तर बाहेर जास्त जायला हवा. एवढं साधं. पण त्या दुपारी ते तिला आठवलं नाही. नळी कापली, लहान वेस्टगेट जोडलं, वरून उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळली. मग कॉम्प्युटर लावून पेट्रोलचं प्रमाणही कमी दाबापुरतंच बसवलं. हात भराभर चालत होते. कुणी येण्याच्या आत उरकून टाकायच्या कामाला चालतात तसे.

भिंगरी टायर घेऊन आली तेव्हा बॉनेट बंद होतं.

"झालं पण?" ती म्हणाली. तिनं गाडीकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं. "कुठलं घातलंस?"

"बसणारं."

"बरं," भिंगरी म्हणाली, आणि टायर उतरवायला गेली. एरवी तिनं मावशीला बॉनेट पुन्हा उघडायला लावलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी गाडी घेऊन विमानांच्या जुन्या धावपट्टीवर गेल्या. विमानं कधीच बंद झाली होती. गाड्या तपासायला लोक तिथे येत. धावपट्टी सरळसोट, शेवटी तारेचं कुंपण आणि त्यापलीकडे कोरडा चर. भिंगरी स्टिअरिंगवर, मावशी शेजारी, दोघींच्या डोक्यावर हेल्मेट. दाबाचा काटा मावशीच्या समोरच होता. बार हे दाबाचं माप; नरम स्प्रिंगवर काटा अर्ध्या बारवर थांबायला हवा होता.

पहिली फेरी हलक्या पायानं झाली. काटा अर्ध्यावर जाऊन थांबला. मावशीनं श्वास सोडला. गाडी मवाळ झाली होती. पूर्वीचा पाठीत बसणारा धक्का नव्हता. तिनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून भाचीकडे पाहिलं. हेल्मेटमधून काही कळत नव्हतं.

"आता पूर्ण दाबते," भिंगरी म्हणाली.

दुसरं गियर, तिसरं. काटा अर्ध्यावर आला, थांबला. इंजिनाचा आवाज चढत गेला आणि काटा हलला.

पाऊण.

मावशी काट्याकडे झुकली. काटा थरथरतोय, ती स्वतःला म्हणाली, काटे थरथरतात. पण तो थरथरत नव्हता. तो चढत होता, एकसारखा, न अडखळता, जिना चढणाऱ्या माणसासारखा. एक. आणि त्याच क्षणी तिला सगळं कळलं. दार सताड उघडलंय, आणि दार पुरत नाहीये. धुराला जायला जागा नाही, म्हणून तो पंख्याकडेच वळतोय, आणि पंखा त्याला आणखी बोलावतोय. पेट्रोल तेवढं येत नाहीये. आत नुसती आग आहे. या वेगात इंजिन जाम झालं तर चाकं जाम होणार, आणि गाडी कुठल्या बाजूला जाईल हे देवालाही सांगता येणार नाही.

तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. पाय काढ म्हटलं तर ही विचारणार, का? मग सांगावं लागणार. आत्ता धावपट्टीचा शेवट येईल, ती आपणहून पाय काढेल. एवढं निभावलं तर आज दुपारीच बदलून टाकीन. एक क्षण, दोन क्षण, ती हाच हिशेब करत बसली, आणि काटा सव्वा ओलांडून गेला. जुन्या स्प्रिंगवरही तो तिथे कधी गेला नव्हता. इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायला लागला. कुंपणाचे खांब वेगळे वेगळे दिसू लागले.

"सोड," मावशी म्हणाली. आवाज तिच्याच हेल्मेटमध्ये राहिला. मग तिनं भाचीच्या मांडीवर जोरात चापट मारली. "सोड, पाय काढ."

भिंगरीनं पाय काढला. खडे थांबले. काटा पडला. गाडी बराच वेळ नुसतीच घरंगळत राहिली, आणि ब्रेक लागले तेव्हा कुंपणाची तार गंजलेली आहे हेसुद्धा दिसत होतं.

कुणी खाली उतरलं नाही. जळक्या धातूचा वास आत आला. मावशीनं हेल्मेट काढायला घेतलं. हनुवटीखालचा पट्टा तिच्या बोटांना सुटेना. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसं झालं होतं. फक्त हा ब्रह्मराक्षस तिनं स्वतःच्या हातानं बसवला होता.

"माझ्यामुळे झालं," ती म्हणाली. "दाब कमी केला मी. तुला न सांगता. आणि वेस्टगेट लहान घातलं. इतकी वर्षं हेच काम करतेय, आणि लहान घातलं."

भिंगरी समोर बघत होती. दोन्ही हात अजून स्टिअरिंगवर होते.

"आईनं सांगितलं?"

मावशीनं पट्ट्याशी झटापट चालू ठेवली. "ठरवलं मी."

"मला माहीत होतं." भिंगरीचा आवाज बारीक होता. "काल फळीवरचं लहान दिसलं नाही, तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस? तुला तर ठाऊक होतं, ते पुरणार नाही."

"होतं ठाऊक. मनात आलंच नाही." तिनं स्टिअरिंगवरचा एक हात काढला. लगेच परत ठेवला. "गाडी मंद होणार एवढंच डोक्यात होतं. मगाशी पहिल्या फेरीत ती मवाळ वाटली ना, मावशी, तेव्हा मला रडू येत होतं. बरं वाटून."

बाहेर वारा सुटला होता. कुंपणाला अडकलेली प्लास्टिकची पिशवी फडफडत होती.

"कठडा तुटला त्या दिवशी मी नमस्कार केला," भिंगरी म्हणाली, "कारण हातांचं काय करायचं ते कळेना."

मावशीनं पट्टा सोडून दिला. भाचीचा हात स्टिअरिंगवरून काढून आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"नको असेल तर नको करूस शर्यत," ती म्हणाली. "मी सांगते सगळ्यांना. गाडी बिघडली म्हणते. खोटंही नाही."

भिंगरी तिच्याकडे वळली.

"करायचीय," ती म्हणाली. "पण अशी नाही. खोटं खोटं हसत नाही."

गाडी दोरीनं ओढत गॅरेजला आणली. मावशीनं चारही प्लग काढून पाहिले, आत दिवा घालून पिस्टन पाहिले. नशीब, जळले नव्हते. लहान वेस्टगेट तिनं काढलं तेव्हा ते हात लावण्याजोगं नव्हतं. भिंगरीनं स्वतः फळीवरचं मोठं खाली आणलं. दोन्ही हातांनी आणावं लागलं.

"आणि स्प्रिंग?" मावशीनं विचारलं.

"नरमच."

मावशी मान खाली घालून टोपी बसवायला लागली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. नाव बघून तिनं तो भाचीपुढे धरला.

"आई, मीच," भिंगरी म्हणाली. "नाही, काही झालं नाही. झालं, पण आता ठीक आहे." ती फोन कानाला धरून दारापर्यंत गेली, परत आली. "ऐक ना. तू शर्यतीला येशील? मला माहीतेय तुला बघवत नाही. खाली नको येऊस. वर उभी राहा, जिथे संपते तिथे. शेवटच्या वळणातून बाहेर आल्यावर कुणीतरी आपलं दिसलं तर…"

मावशी हातातलं काम टाकून फोनजवळ आली.

मग थोरलीचा आवाज आला, जरा बसलेला, पण नेहमीचा.

"लांबून दिसायला कुठल्या रंगाची साडी बरी गं?"