द्रौपदीबाईंचे पान मी उडवले नाही

मित्रांनो, मी एक जुना माउस आहे आणि मला राग आलेला आहे. जुन्या वस्तूने आपली कहाणी सांगताना जरा गहिवरून सांगायची असते, हे मला ठाऊक आहे. ते गहिवरणे मी नंतर बघेन. आधी राग.

दहिसरला नदीच्या अलीकडे, चाळींच्या मागे एक बुद्धविहार आहे. त्याच्या वरच्या खोलीत लोखंडी कपाट आहे आणि त्या कपाटात, सतरंज्यांच्या वरच्या फळीवर, मी पडलेलो असतो. माझी वायर माझ्याच भोवती गुंडाळलेली आहे. बाहेर टेबलावर बिनवायरचा नवा माउस आला आहे. त्याचे सगळे कौतुक करतात. करू देत. पण मला कपाटात ठेवताना कोणी काय म्हणाले ते ऐका: "हा तोच ना, पान उडवणारा?"

नाही! मी कोणाचेही पान उडवलेले नाही. म्हणून तर आज बोलतो आहे.

माझा जन्म कोणत्या देशातला ते माझ्या पोटावर लिहिलेले होते, पण घासून घासून ते पुसले गेले. माझी उमेदीची वर्षे अंधेरीच्या एका कचेरीत गेली. तिथे दिवसभर मजकूर निवडायचे काम असे. तुम्हाला ते सोपे वाटेल. पहिल्या अक्षराजवळ माझे डावे बटण दाबायचे, दाबलेलेच ठेवायचे आणि मला ओढत शेवटच्या अक्षरापर्यंत न्यायचे. मी जाईन तिथपर्यंत अक्षरांवर निळा रंग चढतो. निळ्या झालेल्या अक्षरांचे मग काहीही करता येते. ती मोठी करा, ठळक करा, उचलून दुसरीकडे ठेवा. पुसायला सांगितले तर ती बिचारी निमूटपणे पुसलीही जातात. आणि निळे असताना एखादे भलतेच बटण दाबले, तरी सगळे जाते.

काम नीट झाले तर साहेब शाबासकी देत, ती टाइप करणाऱ्याला. बिघडले तर टाइप करणारा म्हणे, "सर, माउस अडकला." इतक्या वर्षांत मी नक्की किती वेळा अडकलो असेन? एकदाही नाही, असे मी म्हणत नाही. पण त्या कचेरीत माणसे कधीच चुकत नसत, हे मात्र विशेष.

पुढे कचेरीने नवे संगणक घेतले आणि जुने विहाराला देणगी दिले. त्यांच्याबरोबर मीही दहिसरला आलो. इथे चेतना नावाची एक मुलगी दर रविवारी बायकांसाठी संगणकाचा वर्ग घेते. आठवडाभर स्वतःची नोकरी करते आणि सुटीच्या दिवशी हे. टेबलावर काच होती, आणि काचेवर माझ्या पोटाखालच्या दिव्याला काही दिसत नाही. चेतनाने साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून माझ्याखाली ठेवला. कीबोर्डवर मराठी अक्षरांच्या चिकट्या लावल्या. माझ्या डाव्या बटणाला पहिल्याच महिन्यात हळदीचा पिवळा रंग लागला, तो आजही आहे. सांगायला हरकत नाही, मला तो आवडतो.

या वर्गात सगळ्यांत पुढे बसत त्या द्रौपदीबाई. वय साठीच्या पुढे. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत बाटल्यांवर लेबले चिकटवण्यात त्यांचे अर्धे आयुष्य गेले. त्यामुळे झाले काय, की त्या मलाही लेबलच समजत. मला ओढत ओळीच्या टोकापर्यंत नेत आणि बोट उचलायच्या ऐवजी, लेबलाखालची हवा काढावी तशा, मला दाबून पुन्हा मागे फिरवत. निळी झालेली सगळी ओळ परत होती तशी.

"अगं चेतना, हे आलेलं जातंय गं!"

"मावशी, मागं नका ना फिरवू त्याला. गुळगुळीत करायचं नाहीये, निवडायचंय."

"हाताला सवय आहे बाई. तीस वर्षं फुगा राहिला की बोलणी खाल्ली."

शेवटी चेतनाने त्यांना शिफ्टचे बटण दाबून धरायला आणि बाणाचे बटण एकेकदा दाबायला शिकवले. एकेक अक्षर निळे होत जाई. द्रौपदीबाई खूश. कीबोर्डने त्या दिवशी माझ्याकडे जसे पाहिले ते मी विसरलेलो नाही. वर्गातल्या बायकांना तो निळा रंग फार प्रिय. नुसती गंमत म्हणून ओळी निळ्या करून बघत बसत. चेतना ओरडे, "निळं दिसतंय तोवर दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही!"

द्रौपदीबाई हे सगळे का शिकत होत्या, तर विहाराच्या वर्धापनदिनाला स्मरणिका निघणार होती. महिला मंडळाला त्यात एक पान मिळाले होते. चेतना म्हणाली, मी लिहून देते. द्रौपदीबाई म्हणाल्या, "तू छानच लिहिशील गं. पण तू तिथं नव्हतीस."

आणि त्यांनी लिहिले. कित्येक रविवार लागले. एका बोटाने, चिकट्या शोधत शोधत. त्यातले थोडे मला अजून पाठ आहे:

"इथं पहिलं खड्डा होता. नदीचं पाणी शिरायचं. पुरुष म्हणाले जागा बेकार आहे, सोडून द्या. आम्ही बायका कामावर जायच्या आधी घमेल्यानं भरणी टाकायचो. पडक्या घरांचं डेब्रिज आणायचो. पायात काच जायची म्हणून नवऱ्यांचे जुने बूट घालून यायचो. एकीच्या घमेल्यात माती, एकीच्या घमेल्यात लेकरू. दोन पावसाळे भरणी खचली. तिसऱ्याला टिकली. मग पुरुषांनी चौथरा बांधला."

मित्रांनो, कचेरीत माझ्या पोटाखालून लाखो शब्द गेले. त्यातला एकही मला आठवत नाही. हे आठवतात.

स्मरणिकेचे संपादक होते विहार समितीचे सचिव, नंदकिशोरभाऊ. माणूस वाईट नाही. कोणाच्या घरी मयत झाली, कोणाला दवाखान्यात न्यायचे झाले, तर हाच पहिला धावतो. पण एका दुपारी वर्ग सुटल्यावर ते एकटे वर आले, फाइल उघडली आणि द्रौपदीबाईंचे पान वाचू लागले. वाचता वाचता त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"नवऱ्यांचे बूट! डेब्रिज! बाहेरगावचे पाहुणे येणार, त्यांच्या हातात हे द्यायचं?"

आणि त्यांनी मला धरले. पानाच्या पहिल्या अक्षरापाशी नेले, बटण दाबले आणि ओढायला सुरुवात केली. खड्डा निळा झाला. घमेली निळी झाली. बूट, लेकरू, दोन्ही पावसाळे, सगळे निळे झाले. मी पुठ्ठ्यावर अडून बघितले, खरेच अडून बघितले! पण माउसाचे अडणे ते कितीसे. त्यांनी बोट उचलले आणि पुसायचे बटण दाबले. पान पांढरे झाले. मग त्या पांढऱ्या पानाच्या तळाशी त्यांनी एक ओळ लिहिली: "या कार्यात महिला मंडळाचेही मोलाचे सहकार्य लाभले." वरच्या जागेत कमळाचे चित्र टाकले, फाइल साठवली, संगणक बंद केला आणि दिवा मालवून निघून गेले.

मोलाचे सहकार्य! माझा संताप झाला, पण संताप करून मी काय करणार? मला ना तोंड, ना पाय.

पुढच्या रविवारी द्रौपदीबाई उशिरा आल्या. मोठ्या उत्साहाने आल्या, कारण त्या चार मैत्रिणींना पान दाखवायला घेऊन आल्या होत्या. या त्याच बायका, ज्यांनी बूट घालून भरणी टाकली होती. चेतनाने फाइल उघडली. कमळ दिसले. खाली ओळ दिसली.

"माझं कुठाय?" द्रौपदीबाईंनी विचारले.

चेतनाने फाइल वरखाली केली. "मावशी, परत आणायचं बटण असतं, पण फाइल बंद केली की ते चालत नाही. आपल्याकडे दुसरी प्रत नाहीये." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

नंदकिशोरभाऊ खालीच होते. त्यांना वर बोलावले. त्यांनी पान पाहिले, बायकांकडे पाहिले आणि मग, मित्रांनो, त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"काय सांगू मावशी, हा माउस एकदम बेकार झालाय. आपोआप सगळं सिलेक्ट होतं. मी नुसतं वाचत होतो, तेवढ्यात उडालं. जागा रिकामी दिसायला नको म्हणून ओळ टाकली."

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. एक बाई म्हणाली, "टाका मेल्याला बाहेर." चेतनाने मला उलटे केले, माझ्या चाकात पिन घालून बघितली. उलट्या अवस्थेत, पोटाचा लाल दिवा छताकडे करून, एवढ्या बायकांसमोर! मी इतकी वर्षे इमानाने सेवा केली. ज्याच्या हाताने नेले त्याच्या मागे गेलो. आणि त्याचे हे फळ!

द्रौपदीबाईंनी मला चेतनाच्या हातातून घेतले. सरळ करून पुठ्ठ्यावर ठेवले.

"भाऊ, या माउसनं फक्त माझंच पान उडवलं? तुमच्या मनोगताची चार पानं आहेत. संस्थापक मंडळाचे फोटो आहेत. त्यांना हात नाही लावला त्यानं?"

नंदकिशोरभाऊ म्हणाले, "आता ते कसं सांगणार, मशीन आहे शेवटी."

"त्या फोटोत आमचे कुंडलिकपण आहेत," द्रौपदीबाई म्हणाल्या. कुंडलिक म्हणजे त्यांचे दिवंगत यजमान. "भरणी चालली होती तेव्हा ते गावाला होते. फोटो काढायला आले बरोबर."

बायका हसल्या. मग मात्र द्रौपदीबाईंचा आवाज चढला. "उडालं म्हणता ना? मग मी परत लिहिते."

"अहो, उद्या सकाळी फाइल प्रेसला जाणार."

"उद्या सकाळी ना? मग आत्ता दुपारच आहे."

त्या बसल्या. पण या वेळी एकट्या नव्हत्या. आधीच्या पानात सगळीकडे 'आम्ही बायका' एवढेच होते. आता मागे उभ्या असलेल्या चौघी रागाने एकेक गोष्ट सांगू लागल्या, आणि चेतना अडलेली अक्षरे दाखवू लागली.

"रुक्मिणीचं नाव घाल. तिचा पाय कापला होता."

"पारूचं घाल. तिनं बाळंतपणानंतर लगेच घमेलं उचललं."

"आणि जी आता नाहीये, त्या गयाबाईचं पहिलं घाल."

नंदकिशोरभाऊ दारात उभे होते. जावे की थांबावे हे त्यांना कळत नव्हते. बाहेरची उन्हे भिंतीवर चढली तेव्हा पान भरले होते. कमळाला जागा उरली नव्हती. जुन्या पानापेक्षा हे पान ओबडधोबड, खरखरीत आणि नावांनी गच्च होते. बूटही होते. कोणाच्या नवऱ्याचे कोणते बूट, हेसुद्धा होते.

तळाशी भाऊंची ती ओळ अजून होतीच.

"मावशी, ही काढून टाकू?" चेतनाने विचारले.

"नको गं. चांगली ओळ आहे, भाऊंनी मनापासून लिहिलीय. एकच शब्द बदलायचाय. एकच शब्द कसा निवडतात?"

"शब्दावर न्यायचं आणि पटकन दोनदा टकटक करायचं."

द्रौपदीबाईंनी शिफ्टकडे बघितलेही नाही. मला धरले. त्यांची बोटे जड, पहिल्यांदा दोन टकटकींत फार अंतर पडले. काही झाले नाही. मी माझ्याकडून जे काही शक्य होते ते केले. दुसऱ्यांदा नेमके बसले. 'महिला' एवढाच शब्द निळा झाला. आणि त्यांनी मला मागे फिरवले नाही. हात उचलला, चिकट्या शोधल्या आणि त्या जागी एक शब्द लिहिला. मग मोठ्याने वाचले:

"या कार्यात पुरुष मंडळाचेही मोलाचे सहकार्य लाभले."

बायकांनी जो गलका केला त्याने खालच्या मजल्यावरची माणसे वर आली. नंदकिशोरभाऊंचा चेहरा लाल झाला. "मावशी, हे असं छापायचं?"

"का हो? खोटं आहे का त्यात काही? चौथरा बांधलातच की तुम्ही."

भाऊंनी पान वरपासून खालपर्यंत वाचले. मग म्हणाले, "छापा."

ते पान तसेच छापले गेले. वर्धापनदिनाला बायका स्मरणिकेत बोट ठेवून आपापले नाव शोधत होत्या. गयाबाईची मुलगी आली होती, तिने आईच्या नावावर बोट ठेवले ते उचललेच नाही. हे मला चेतनाच्या तोंडून कळले, कारण मला कोणी खाली नेले नव्हते.

पण भाऊंनी ती गोष्ट आपल्या तोंडाने कधी कबूल केली नाही. त्यामुळे आळ माझ्यावर राहिला तो राहिलाच. नव्या मुलांना सांगतात, हा माउस पाने उडवतो. म्हणून नवा आणला, म्हणून मी कपाटात. माझा दिवा अजून लागतो. बटण थोडे सैल झाले आहे, एवढेच.

मित्रांनो, मला कपाटातून काढा असे मी म्हणत नाही. वस्तू जपून वापरा, धूळ पुसा, वायर ओढू नका, हेही तुम्ही आईबाबांकडून ऐकत असालच. माझे मागणे वेगळे आहे. एखादे पान कोरे दिसले आणि कोणी तुम्हाला सांगितले की ते आपोआप गेले, यंत्राने खाल्ले, तर लगेच मान डोलावू नका. मी आयुष्यभर माणसांच्या हाताखाली होतो. आपोआप मी कधी बोटभरही सरकलो नाही. म्हणून विचारा, की माउसावर हात कोणाचा होता?