थंड ज्योत आणि कडूबाईचं मनगट

मी एक जुनं डिझेल इंजिन आहे, मित्रांनो. खर्ड्याच्या शिवारात पुंजारामच्या विहिरीवर मी बसलेलो असतो, आणि कडूबाई समोर आली की मला फार अपराधी वाटतं.

मी नवा होतो तेव्हा हँडल दोनदा फिरवलं की सुरू व्हायचो. पुंजाराम पाहुण्यांना मुद्दाम विहिरीवर आणायचा. "गडी हाय गडी! हाक मारली की उठतोय." माझी स्तुती करायला त्याला सवड असायची, तेल बदलायला मात्र नसायची.

पुढे माझ्या पिस्टनच्या, म्हणजे आतल्या दट्ट्याच्या, रिंगा झिजल्या. आत हवा नीट दाबली जाईना, आणि दाबल्याशिवाय हवा तापत नाही. डिझेलला पेटायला भरपूर ऊब लागते. त्यामुळे थंडीत सकाळी मी नुसता खोकायचो.

"रिंगा बदला," मिस्त्री म्हणाला. पुंजारामनं त्याऐवजी ईथरचा फवारा आणला. ईथर थोड्या उबेवरही पेट घेतं. हवा आत ओढायच्या माझ्या तोंडात एकदा फुस्स केलं की मी धडधडायला लागायचो. मला त्या वासाची चटकच लागली.

कामाची वाटणी ठरलेली होती. फवारा पुंजारामचा, हँडल त्याच्या बायकोचं, कडूबाईचं. हलकं काम कुणी उचललं, ते तुम्हीच बघा.

त्या सकाळी कांद्याचं रोप माना टाकत होतं. पुंजारामनं फवारलं, कडूबाईनं हँडल मारलं. मी सुरू झालो नाही. बाहेरून सगळं गप्प दिसत होतं, पण आत ईथर अर्धवट जळत होतं. त्याची एक थंड ज्योत असते. फिकट निळी, बिनधुराची, बिनआवाजाची. तिची फक्त झोंबणारी वाफ बाहेर येते.

"अवो, धूर न्हाई, पन डोळं लई झोंबत्यात. थांबा जरा."

"कांदा चिराय बसलीस व्हय? मार हँडल!" म्हणत पुंजारामनं दुप्पट फवारलं.

तिनं जोर लावला. आतलं ईथर वेळेआधीच भडकलं. वर निघालेला दट्ट्या अर्ध्या वाटेतून मागे ढकलला गेला, हँडल उलटं फिरलं आणि तिच्या मनगटावर बसलं. "आई गं!" एवढंच ती म्हणाली.

कांद्याच्या रोपाला शेजारच्या भागवतनं त्याच्या बोअरचं पाणी दिलं. पुंजारामनं कडूबाईला दवाखान्यात नेलं आणि परतताना मिस्त्रीला घेऊन आला.

आता हँडल पुंजाराम मारतो. कडूबाई डाव्या हातानं आतला दाब सोडायचा लिव्हर धरते.

"डोळं झोंबलं तर सांग बरं का," तो रोज हळूच म्हणतो.

"रिंगा नव्या हायती. आता कशाला झोंबत्यात?"

तो हँडलकडे बघतो, तिच्या हाताकडे बघत नाही. भाकरी थापताना ते मनगट अजून वाकडंच पडतं.

मला नव्या रिंगा मिळाल्या, मित्रांनो. मनगट नवं मिळत नाही. तुमच्या घरचं यंत्र खोकायला लागलं, तर वेळेवर त्याची दुरुस्ती करा. आणि हँडल ज्याच्या हातात आहे तो "थांबा" म्हणाला, तर खरंच थांबा.