बेचाळीस खुणा

मी एक जुना संगणक आहे. टेबलावर बैठक मारणारा, तारांनी भिंतीशी बांधलेला. आज मात्र माझी तार सुटली आहे. खडकी बाजारात शमशुद्दीनभाईंच्या दुरुस्तीच्या दुकानात, खोललेल्या यंत्रांच्या रांगेत मी उभा आहे. मित्रांनो, माझ्यापाशी वेळ फार थोडा आहे.

चौदा वर्षांपूर्वी सुटे भाग जुळवून मला घडवले गेले आणि मी दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत रामदास यांच्या घरी आलो. त्यांच्या पत्नी नंदाताईंनी मला झालरीचे आच्छादन शिवले. लहानगी अक्षता माझ्यासमोर बाराखडी शिकली. रामदास आल्यागेल्याला मला कौतुकाने दाखवीत, तेव्हा माझा पंखासुद्धा जोमाने घुमे.

शेवटच्या आजारपणात नंदाताईंनी माझ्यासमोर बसून बेचाळीस पाली गाथा स्वतःच्या आवाजात म्हणून ठेवल्या. त्या गेल्या. वडिलांना गाथा चटकन सापडाव्यात म्हणून अक्षताने पडद्यावर बेचाळीस खुणा मांडल्या. खूण दाबली की माझ्या पोटातला आवाज उमटे. खूण म्हणजे दारावरची पाटी. घर माझ्या आत. दर पौर्णिमेच्या संध्याकाळी रामदास शुभ्र वस्त्रे नेसून मेणबत्ती लावीत आणि एकच गाथा ऐकत. इतर दिवशी कधीच नाही.

यंदा अक्षता अभियांत्रिकीला लागली आणि घरात वाद सुरू झाला.

"पप्पा, कॉलेजात हा टेबलासकट नेऊ का?"

"लॅपटॉप म्हणजे पाहुणा. घरात ठरतच नाही. हा बघ, चौदा वर्षं जागचा हलला नाही."

"आता लवकर सुरूही होत नाही. तोवर चहा होतो."

"होतो ना चहा? मग तक्रार कसली?"

तरीही लॅपटॉप आला आणि मला शमशुद्दीनभाईंना देऊन टाकायचे ठरले. मुलीच्या शिक्षणापुढे रामदासांचे काही चालत नसे.

कारखान्यात त्यांनी तीस वर्षे मोहोरबंद पेट्या मोजून पाठवल्या होत्या. तेथील नियम एकच: पेटी मोजावी, उघडू नये. काल अक्षता लॅपटॉप घरी ठेवून कॉलेजात गेली असताना त्याच निष्ठेने त्यांनी पडद्यावरच्या खुणा पेनड्राइव्हवर घेतल्या व लॅपटॉपवर उतरवल्या. बोट ठेवून मोजल्या. बेचाळीस. पाट्या गेल्या; घरे माझ्यापाशीच राहिली.

अक्षताने संध्याकाळी विचारले, "एखादी लावून बघितलीत का?"

"तुझ्या आईचा आवाज येताजाता लावायचा नसतो. परवा पौर्णिमा आहे, तेव्हाच."

मला त्यापूर्वीच बंद केले होते. बंद यंत्राला आक्रोशही करता येत नाही.

आज शमशुद्दीनभाईंनी मला उचलून घेताना विचारले, "साहेब, आतलं सगळं काढलंत ना? उद्या दहाला डिस्क पुसतो. पुसल्यावर माझ्याकडे रडत यायचं नाही."

"बेचाळीसच्या बेचाळीस. मोजून घेतलंय."

"मग झालं."

माझ्या आत बटणाएवढ्या सेलवर एक घड्याळ अजून चालते आहे. दुकान दहाला उघडेल. मेणबत्ती संध्याकाळी लागेल.

मित्रांनो, जुन्याला निरोप देण्यापूर्वी नव्यात काय आले ते नुसते मोजू नका, उघडा, ऐका. आणि तुमच्यापैकी कोणी त्या वसाहतीत राहत असेल, तर माझ्यासाठी एक दार ठोठावा. रामदासांना एवढेच सांगा, की उद्या मेणबत्ती सकाळीच लावा.